चव्वेचाळीस पैशांचा तक्ता

वासुदेवराव पोहाणे यांच्या हाताखाली काम केलेला कारकून हिंगणघाटात लगेच ओळखू यायचा. त्याच्या डाव्या हाताची बोटं मधल्या पेरांवर जाड झालेली असत. तक्ता लिहिताना डाव्या हाताने कागद दाबून धरायचा, आणि आकडा चुकला की वासुदेवराव आखणीचा गोल रूळ त्याच हातावर मारायचे. उजव्या हातावर त्यांनी कधी मारलं नाही. उजव्या हाताने तक्ता पुन्हा लिहून घ्यायचा असे.

वेणा नदीच्या काठावरच्या एका जीनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, ते १९५३ साली कारकून म्हणून लागले आणि १९७१ साली मुनीम झाले. मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण, अक्षर शाळामास्तरासारखं, अंगात पांढरा शर्ट आणि धोतर. गादीवर मांडी घालून बसायचे, पुढे उतरतं डेस्क. जीनमध्ये त्यांना न भिणारा माणूस एकच, तो म्हणजे मालक.

त्यांचा तक्ता मात्र बघण्यासारखा असे. मोठ्या कागदावर उभ्या रेघा लाल शाईने, आडव्या निळ्या शाईने. दर दहाव्या ओळीखाली जाड रेघ, म्हणजे नजर घसरत नाही. एककाखाली एकक, दशकाखाली दशक, आणि आकडे उजवीकडच्या रेघेला टेकलेले. रिकाम्या घरात आडवी रेघ मारलीच पाहिजे. रिकामं घर दिसलं की पुढेमागे कुणीतरी त्यात आकडा घालतो, असं ते म्हणत. बेरीज आधी खालून वर, पेन्सिलीने. मग वरून खाली, दुसऱ्या माणसाकडून. दोन्ही जुळल्या की शाई.

"आडवं कोणीबी जुळवते," ते सांगत. "मजुरीतून फंड वजा केला, हाती उरलं ते लिहिलं, झालं. तक्ता उभा जुळला पायजे. उभा नाई जुळला त तो तक्ता नोय, रद्दी हाय."

प्रॉव्हिडंट फंड कापायचीही त्यांची रीत होती. शेकडा सव्वासहाने कापायचा म्हणजे सोळावा हिस्सा. गुणाकार-भागाकार करत बसू नका, आकडा चार वेळा निम्मा करा. सत्तावन्न रुपये मजुरी असेल तर साडेअठ्ठावीस, सव्वाचौदा, सात रुपये साडेबारा पैसे, आणि चौथ्यांदा तीन रुपये छप्पन पैसे. बाईच्या हाती त्रेपन्न रुपये चव्वेचाळीस पैसे. हे ते विडा लावता लावता करून टाकायचे.

रेच्यांवर, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांवर, कापूस घालणाऱ्या बाया एकशे चाळीस होत्या. कापसाचा हंगाम सुरू झाला की रोज साडेनऊ रुपये, शनिवारी सहा दिवसांचा हप्ता. एक दिवस बुडवला तर सोमवारी त्या रेच्यावर दुसरी बाई बसलेली असे, म्हणून कुणी दिवस बुडवत नव्हतं. आजारी बाया रेच्याजवळच खोकत. त्यामुळे प्रत्येक बाईचा हप्ता तोच, सत्तावन्न रुपये, आणि हाती येणारे त्रेपन्न रुपये चव्वेचाळीस पैसे.

आधीचे मुनीम हे चव्वेचाळीस पैसे सरळ सोडून देत. चिल्लर नाही म्हणायचे, आणि त्रेपन्न द्यायचे. वासुदेवरावांनी मुनीम झाल्यावर तक्त्यात एक घर वाढवलं, "मागील पैसे". या हप्त्याचे चव्वेचाळीस पुढच्या हप्त्यात धरायचे, त्यात पुढचे मिळवायचे, रुपया भरला की बाईच्या हातावर ठेवायचा. दोन-तीन हप्त्यांनी एकदा त्रेपन्नाऐवजी चोपन्न मिळू लागले. बायांना वाटलं, मुनीमाला दया आली. दयेचा संबंध नव्हता. पैसे सोडून दिले की तक्ता उभा जुळत नव्हता, एवढंच.

दुसरा नेम त्यांनी १९७२ साली मालकाकडून मंजूर करून घेतला. तक्त्यात फरक निघाला तर तो तक्ता करणाऱ्याच्या पगारातून जायचा. पैसे कमी पडले तरी जायचा आणि जास्त उरले तरी जायचा. कुणीतरी विचारलं, जास्त उरले तर कारकुनाने कशाचे भरायचे? वासुदेवराव म्हणाले, "चुकल्याचे."

१९७४ साली तानबा नावाच्या कारकुनाच्या तक्त्यात अकरा पैशांचा फरक निघाला. दोन लेकरांचा बाप होता तो. वासुदेवरावांनी त्याला अकरा पैसे तर भरायला लावलेच, शिवाय शनिवारी खिडकीजवळ उभं करून सगळा तक्ता मोठ्याने वाचायला लावला. एकशे चाळीस नावं, प्रत्येक नावापुढचा प्रत्येक आकडा. पुढे रांगेत बाया उभ्या. साठ नावं झाली तेव्हा तानबाचा आवाज बसला. बाया आधी हसल्या, नंतर हसेनाशा झाल्या. सोमवारी तो आला नाही. वासुदेवरावांनी त्याचे त्या महिन्यातले अडीच दिवसांचे पैसे काढून पाकिटात घातले, पाकिटावर नाव घातलं आणि कपाटात ठेवलं. हिशोब चोख होता.

१९८६ साली मालकाला, म्हणजे मोठ्या सेठजींना, अर्धांगवायू झाला आणि त्यांचा मुलगा ओमप्रकाश जीन पाहू लागला. तेहतीस वर्षांचा, नागपूरला बीकॉम झालेला, सफारी घालणारा. तो कुणाला मारत नसे, आवाजही चढवत नसे. ज्याच्याशी काम संपलं त्याच्याकडे तो बघायचं बंद करायचा.

जानेवारी १९८८ मध्ये त्याने नागपूरहून कॉम्प्युटर आणला. गादीच्या मागच्या खोलीत गारव्याची मशीन बसली, खिडक्यांना जाड पडदे लागले. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. अठ्ठावन्नाव्या वर्षातले मुनीम आपल्याच कचेरीत चपला काढून उभे राहू लागले.

मशीनवर अन्नपूर्णा बसायची. तिशी ओलांडलेली, लग्न झालेलं नव्हतं, वडील वारलेले, घरी आई. जीनमध्येच सात वर्षं टायपिस्ट होती, पगार साडेचारशे. मशीन येण्याआधी ओमप्रकाशने तिला सहा आठवडे नागपूरला क्लासला पाठवलं होतं, रोज एसटीने जाऊन-येऊन. सात वर्षांत वासुदेवरावांनी तिची पत्रं किती वेळा फाडून पुन्हा टाइप करायला लावली, त्याचा हिशोब मात्र कुणी ठेवला नव्हता. बाईमाणूस म्हणून ते तिला रूळ मारत नसत. फाडलेले तुकडे तिलाच गोळा करायला लावत.

शाळेच्या दाखल्यावर वासुदेवरावांची जन्मतारीख एक एप्रिल १९३० होती. म्हणजे एकतीस मार्चला अठ्ठावन्न पूर्ण होऊन नोकरी संपत होती. पण त्या जीनमध्ये रिवाज होता की मुनीमाला दोन वर्षं वाढवून द्यायची. आधीच्या दोघांना मिळाली होती. वासुदेवरावांनी ती वर्षं स्वतःची धरूनच ठेवली होती. गावची शेती भावाकडे गेलेली, पोरं नागपूर-भोपाळला, घरी बायको देवकाबाई. तिच्याशी ते चाळीस वर्षांत भाजीखेरीज फारसं बोलले नव्हते. गादी गेली तर सकाळी उठून बसायचं कुठे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ओमप्रकाशने त्यांना बोलावलं.

"मुनीमजी, असं करू. बायांचा तक्ता आठ हप्ते मशीनवरबी काढू अन् तुम्हीबी हातानं काढा. मजुरीचा चुकारा मशीनच्या तक्त्यावर होईल. मशीन जुळली त मंग हातचं काम कायले पायजे? नाई जुळली त तुमचे दोन वर्षं पक्के."

"मशीनले उभी बेरीज येते काय?" वासुदेवरावांनी विचारलं.

"तिले सगळं येते."

"पाहू न मंग."

पहिला शनिवार तेवीस जानेवारीचा. मशीनने सकाळी तक्ता छापून दिला, कडेला भोकं असलेल्या कागदावर. आखणी नाही, शाई फिकी, पण आकडे उजवीकडे टेकलेले होते हे वासुदेवरावांनी पाहिलं. प्रत्येक ओळीत मजुरी सत्तावन्न, फंड चार, हाती त्रेपन्न. सत्तावन्नातून चार गेले, त्रेपन्न राहिले. आडवं बरोबर. तळाशी एकूण मजुरी सात हजार नऊशे ऐंशी, एकूण फंड चारशे नव्व्याण्णव, हाती द्यायचे सात हजार चारशे एक्याऐंशी. तेही आडवं बरोबर. त्यांच्या हातच्या तक्त्याच्या तळाशीही सात हजार चारशे एक्याऐंशीच होते, वर साठ पैसे.

बँकेतून सात हजार चारशे एक्याऐंशी रुपये आणले. अन्नपूर्णा खिडकीवर बसली. ओळीत त्रेपन्न छापलं होतं म्हणून प्रत्येकीला त्रेपन्न दिले, अंगठे घेतले. शेवटची बाई गेली तेव्हा पेटीत एकसष्ट रुपये उरले होते.

तिने दोनदा मोजले. मग तिसऱ्यांदा.

वासुदेवरावांनी गादीवरूनच विचारलं, "किती?"

"एकसष्ट उरून राह्यले, मुनीमजी."

"कमी का जास्त?"

"जास्त."

त्यांनी मशीनचा तक्ता पुढे ओढला, पेन्सिल घेतली आणि उभी बेरीज केली. एकशे चाळीस वेळा त्रेपन्न म्हणजे सात हजार चारशे वीस. खाली छापलेले एक्याऐंशी. एकसष्टचा फरक. फंडाच्या घरातही तसंच: एकशे चाळीस वेळा चार म्हणजे पाचशे साठ, खाली छापलेले चारशे नव्व्याण्णव. तोच एकसष्ट.

ज्या माणसाने सोळा वर्षं दर शनिवारी चव्वेचाळीस पैसे पुढे ओढले, त्याला हे कळायला किती वेळ लागणार? एकशे चाळीस बायांचे चव्वेचाळीस-चव्वेचाळीस पैसे. मशीनच्या पोटात पैसे होते, कागदावर नव्हते. वरच्या ओळींत ती पैसे गिळून रुपयेच दाखवत होती, तीन छप्पनचे चार, त्रेपन्न चव्वेचाळीसचे त्रेपन्न. तळाची बेरीज मात्र गिळलेल्या पैशांसकट करत होती. मशीन चुकली नव्हती. तिला दाखवायला सांगितलेलं चुकलं होतं.

वासुदेवरावांनी पेन्सिल कानावर ठेवली. हे सांगितलं असतं तर पाच मिनिटांत दुरुस्त झालं असतं, आणि एकतीस मार्चला त्यांना घरी जावं लागलं असतं.

ओमप्रकाशपुढे ते दोन्ही तक्ते घेऊन गेले. चपला दाराबाहेर काढल्या, पण मान ताठ होती.

"तुमच्या मशीनले बेरीज येत नाई, ओमभैया. एकसष्टाचा फरक हाय."

ओमप्रकाशने अन्नपूर्णाकडे पाहिलं. "काय केलं?"

"मी काई नाई केलं, सर. मशीननंच..."

"मशीन पाऊण लाखाची हाय. ते चुकत नाई."

"नेम हाय आपला," वासुदेवराव शांतपणे म्हणाले. "फरक तक्ता करणाऱ्याच्या पगारातून. तुमच्या बाबूजीनं मंजूर केला हाय."

पेटीत एकसष्ट रुपये जास्त होते. अन्नपूर्णाच्या पगारातून आणखी एकसष्ट कापून पेटीत पडले. ओमप्रकाशला हे गंमतीचं वाटलं असावं. त्याने सही करताना ओठ जरासे ताणले.

दुसऱ्या शनिवारी एकसष्ट. तिसऱ्या शनिवारी एकसष्ट. तीन हप्त्यांत एकशे त्र्याऐंशी रुपये गेले. अन्नपूर्णा डबा आणेनाशी झाली. वासुदेवराव मात्र या दिवसांत खुलले होते. दुपारी विडा लावताना ते मागच्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने विचारत, "काय वं बाई, तुह्या मशीनले पाढे शिकवले का नाई? शाळेत नाव घालून दे तिचं." हाताखालचे दोन कारकून हसत. हसले नसते तर त्यांचंच काही खरं नव्हतं.

सोमवारी, आठ फेब्रुवारीला, ती त्यांच्या डेस्कपुढे येऊन उभी राहिली. हातात मशीनचा तक्ता.

"मुनीमजी, तुमाले समजलं असन काय चुकते ते. मले सांगा. माही माय आजारी हाय. पुढल्या महिन्यात घरी न्याले काई उरत नाई."

"मले काय समजते? मी अंगूठाछाप माणूस. तू कॉम्प्युटरवाली."

"शिकवा न मले. तुमचा तक्ता कसा जुळते?"

शिकवा म्हटलं की वासुदेवरावांना राहवत नसे. रूळ वापरायला मिळाला नाही तरी जीभ होतीच. त्यांनी कागद घेतला आणि दोन बोटांनी हवेत धरला, मेलेला उंदीर धरावा तसा.

"हे काय हाय? दहाव्या ओळीखाली रेघ कुठी हाय? नजर घसरते न इथं. अन् 'मागील पैसे'चं घर कुठं गेलं?"

"कागदावर मावत नव्हतं. एका ओळीत ऐंशीच अक्षरं बसते. म्हणून काढलं."

"अन् पैसे कायले नाई छापले?"

"घर लहान झालं की आकड्याच्या जागी फुल्या येते, मुनीमजी. क्लासमधी सांगतलं होतं, फुल्या आल्या त पैसे काढून टाकायचे, आकडा बसते."

वासुदेवराव हसले. कारकुनांकडे पाहून हसले. "ऐकलं काय? नागपूरचं शिक्षण! अवं, आकडा घरात मावत नसन त घर मोठं करावं लागते. आकडा कापत नाई कोणी. माहा तानबा गाढव होता, त्यालेबी इतलं समजत होतं."

हे बोलून झालं आणि त्यांचं हसू थांबलं. अन्नपूर्णा कागद न घेताच मागे वळली होती.

काचेच्या दारातून त्यांना तिची पाठ दिसत होती. तिने चार-पाच कळा दाबल्या. मग ती पुढे वाकली. हिरव्या अक्षरांत फंडाचं घर रुंद झालं होतं, आणि चाराच्या जागी तीन, टिंब, छप्पन, पंचवीस असा आकडा उभा होता. शेजारच्या घरात त्रेपन्न, टिंब, त्रेचाळीस, पंचाहत्तर. एकशे चाळीस वेळा. ती खुर्चीवरून उठली आणि अनवाणीच ओमप्रकाशच्या केबिनकडे धावली.

वासुदेवराव गादीवरून हलले नाहीत. त्यांना वाटलं, आपण हरलो. पुढे काय होणार आहे याचा अंदाज त्यांना तेव्हाही आला नव्हता.

ओमप्रकाशने तिचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे हप्त्याले एकसष्ट उरते. दर हप्त्याले?"

"हो सर. बायांचे पैसे हायेत ते. घर मोठं केलं की..."

"घर आहे तसंच राहू दे."

"जी?"

"लहानच ठेव. फंड चार, हाती त्रेपन्न. आडवं बरोबर हाय न? तळाशी फक्त एक ओळ वाढव, 'किरकोळ जमा', एकसष्ट. मंग उभंबी जुळते."

तिने विचारलं, "अन् सर, माहे कापलेले एकशे त्र्याऐंशी?"

"ते त नेमाचे हाय. नेम मुनीमजीचा हाय, त्यायले विचार."

मग त्याने वासुदेवरावांना बोलावलं. "मुनीमजी, तुमाले हे कधी समजलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. पण चव्वेचाळीस पैशांचा हिशोब आपल्याला तीन हप्ते कळला नाही, हे वासुदेवरावांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

"पहिल्याच शनिवारी," ते म्हणाले.

"सांगतलं नाई."

"तुम्ही विचारलं नाई."

"हप्त्याले एकसष्ट. हंगाम चोवीस-पंचवीस हप्त्यांचा." ओमप्रकाशने टेबलावरचं लहान गणकयंत्र ओढलं, पण वासुदेवराव त्याच्या आधीच बोलून गेले, "दीड हजार."

"बराबर. दीड हजार वर्षाचे. अन् तुम्ही सोळा वर्षं ते बायायले वाटत आले."

वासुदेवरावांना प्रथमच समजलं की मशीन चुकते हे दाखवताना त्यांनी मशीनचा नफा दाखवला होता. त्यांनी पुढे होऊन विचारलं, "माह्या दोन वर्षांचं?"

"पाहू," ओमप्रकाश म्हणाला. "आधी बायायचं पाहा."

बायांचं असं होतं की त्यांचा रुपया आला नव्हता. मशीन आली तेव्हा प्रत्येकीचे बावन्न पैसे मागले शिल्लक होते. तीस जानेवारीला रुपया भरायला हवा होता, तेव्हा खिडकीवर सांगितलं गेलं की मशीन नवी आहे, पुढल्या हप्त्यात पाहू. तेरा फेब्रुवारीला, चौथ्या शनिवारी, पुन्हा त्रेपन्नच हातावर पडले तेव्हा आनंदाबाई रांगेतून हलली नाही.

पन्नाशीची बाई, बावीस हंगाम रेच्यावर काढलेली. फुप्फुसात इतकी रुई गेली होती की बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. ती घरच्या भिंतीवर कोळशाने खुणा करायची, लहान खूण चार पैशांची, अकरा खुणांचा एक हप्ता.

"मुनीमजीले बोलवा," ती म्हणाली. "माहे दोन रुपये अठ्ठावीस पैसे निंगते."

आकडा अगदी बरोबर होता. तिच्यामागे सगळी रांग थांबली. ओमप्रकाश केबिनच्या दारात येऊन उभा राहिला आणि वासुदेवरावांकडे पाहू लागला.

वासुदेवराव उठले, खिडकीशी गेले.

"काय वं आनंदा, काऊन गोंधळ करून राह्यली?"

"गोंधळ कायचा, भाऊ? माहे मागले पैसे द्या. तुम्हीच देत होते. रुपया भरला का देत होते."

"तो रुपया तुह्या मजुरीचा नव्हता. सेठजी खुशीनं देत होते. आता बंद झाला."

"खुशीचा?" ती हसली, आणि खोकली. "खुशीचा रुपया बराबर दोन-तीन हप्त्यानं येते काय, भाऊ? दरसाल? तुम्हीच म्हणत होते, चव्वेचाळीस पैसे पुढं धरले. माह्यासमोर म्हणत होते."

मागून दुसरी ओरडली, "मशीननं खाल्ले काय?"

"मशीनले दात हाय व बाई!" तिसरी म्हणाली. रांग हसली.

वासुदेवरावांनी एकदा मागे पाहिलं. ओमप्रकाश दारात तसाच होता. मग ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"माही चूक होती. फंड चार रुपयेच कापायचा होता. मी सोळा वर्षं कमी कापला. माहा तक्ता चुकीचा होता. मशीनचा बराबर हाय."

रांगेतलं हसू थांबलं. त्या माणसाच्या तोंडून "माही चूक" हे शब्द जीनमध्ये कुणी ऐकले नव्हते. हाताखालच्या दोन कारकुनांनी माना खाली घातल्या. एक जण डाव्या हाताची बोटं चोळत होता.

आनंदाबाईने त्रेपन्न रुपये पदरात बांधले. "तुम्ही मारकुटे होते, मुनीमजी," ती म्हणाली. "पण चोर नव्हते."

"सोमवारी येऊ नको," वासुदेवराव म्हणाले. मग कारकुनांकडे वळून, "तिच्या रेच्यावर दुसरी लावा. आणखी कोणाले पैसे पायजे?"

कुणाला नको होते. रांग पुढे सरकली. त्रेपन्न, त्रेपन्न, त्रेपन्न. अन्नपूर्णा मान वर न करता अंगठे घेत होती. सोमवारी आनंदाबाईच्या रेच्यावर कामगाव रस्त्याकडची एक तरणी बाई बसली. आनंदाबाई पंधरा दिवस सकाळी फाटकापर्यंत येत राहिली, मग दिसेनाशी झाली. निंदणाला सात रुपये रोज मिळत होता, पण त्या दम्यामुळे तिला कुणी नेत नव्हतं.

त्यानंतर तक्ता उभा-आडवा दोन्ही जुळू लागला. आठ हप्ते झाले. वासुदेवराव रोज वेळेवर येत, हातचा तक्ता काढत. 'मागील पैसे'चं घर त्यांनी स्वतःच आखायचं सोडून दिलं होतं. ओमप्रकाशने दोन वर्षांचा विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही. बायांचं काम आपण चोख केलं, आता तो शब्दाला जागेल, असा त्यांचा हिशोब होता.

एकतीस मार्चला, गुरुवारी, दुपारी ते केबिनमध्ये गेले.

"ओमभैया, उद्यापासून माहं कसं?"

ओमप्रकाश गाठींच्या सौद्यांचे कागद चाळत होता. "कसं म्हणजे?"

"दोन वर्षांचं बोलले होते तुम्ही."

"मशीन जुळली नाई त, असं बोललो होतो. आता त जुळून राह्यली."

"बायायले मी समजावलं. तुम्ही म्हणले होते..."

"तेच सांगतो." त्याने कागद बाजूला ठेवले. "दीडशे बायांसमोर तुम्ही बोलले, माहा तक्ता सोळा वर्षं चुकीचा होता. मजुरायनं ऐकलं, कारकुनायनं ऐकलं, गावानं ऐकलं. आता अशा माणसाले मी गादीवर ठेवला त लोक मले काय म्हणतीन? तुम्हीच सांगा. तुमच्या हाताखाली असं कोणी केलं असतं त तुम्ही काय केलं असतं?"

वासुदेवरावांना उत्तर माहीत होतं.

ओमप्रकाशने पुन्हा कागद ओढले, आणि त्यांच्याकडे बघायचं बंद केलं.

गादीवरच्या वस्तूंची मोजदाद अन्नपूर्णाने करून घेतली. दौती दोन, रूळ एक, तक्त्यांची बाडं सोळा. वासुदेवराव एकेक वस्तू काढून ठेवत होते, ती यादीवर खूण करत होती. कपाटात तळाशी किल्ल्यांचा जुडगा होता, तो त्यांनी काढला. ती म्हणाली, "सही करा." त्यांनी केली. ती म्हणाली, "तारीख राह्यली." त्यांनी घातली. अक्षर जरा तिरकं गेलं. तिने यादी टरकन फाडली, नवी काढली आणि म्हणाली, "पुन्हा करा, मुनीमजी. सरळ." फाडलेले तुकडे त्यांच्या पायाशी पडले होते. ती तिथेच उभी राहिली, ते वाकेपर्यंत.

तिचे एकशे त्र्याऐंशी रुपये तिला कधीच मिळाले नाहीत.

एप्रिल सगळा वासुदेवराव घरी बसले. देवकाबाईच्या मसाल्याच्या डब्यांवर त्यांनी चिठ्ठ्या लावल्या, किराण्याचा तक्ता आखला, दोन पैशांच्या हिशोबावरून तिला दोनदा रडवलं. मे महिन्यात तिनेच सांगितलं, कुठी काम पाहा, माह्या जिवावर बसू नका.

गावातल्या दूध संस्थेला हिशोबनीस हवा होता. सचिव प्रभाकरराव त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण मान देणारे गृहस्थ. त्यांनी चहा मागवला, खुर्ची दिली.

"काम बारीक हाय, मुनीमजी. चारशे लोकायचं दूध, रोजचं माप, पैशापैशाचा हिशोब. तुमच्यासारखा माणूस मिळाला असता त बरंच होतं." ते थांबले. "पण लोक बोलून राह्यले... तुमच्या तक्त्यात म्हणे सोळा वर्षांची चूक निघाली. तुम्ही स्वतः बोलले म्हणते, बायांसमोर. खरं हाय काय?"

सांगण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. तक्ता चुकीचा होता असं सांगितलं तर हे काम मिळत नव्हतं. तक्ता बरोबर होता असं सांगितलं तर एकशे चाळीस बायांचे पैसे त्यांनी जाणूनबुजून बुडवू दिले आणि एका बाईला त्यासाठी हाकललं, हे सांगावं लागत होतं. आणि संस्थेच्या दुधाच्या रांगेत त्याच बायांची घरं होती. वासुदेवरावांनी दोन्ही बाजू मनात मांडून पाहिल्या. आडवंही जुळलं नाही, उभंही नाही.

"चहा चांगला झाला," ते म्हणाले, आणि उठले.